पाण्याचा कौल

गुनिल्डने कोरडा सदरा पोटाशी घट्ट धरला आणि दाराशी उभ्या असलेल्या दोन शिपायांच्या मधल्या फटीतून डोके आत घातले. किल्ल्याच्या मोठ्या दालनात माणसांची नुसती चेंगराचेंगरी झाली होती. गर्दीच्या पलीकडे, राजाने पाठवलेल्या न्यायाधीशांच्या बाकासमोर तिचा नवरा एल्विन उभा होता. पायात साखळी, दाढी वाढलेली, पण मान ताठ. आता विचारतील, आता पाण्याचे नाव निघेल, मग सगळे मिळून खाली पाण्याच्या खड्ड्याकडे जातील, असे ती मनात घोकत होती. सदऱ्याच्या घडीत तिने लोकरीची जाड शालही गुंडाळून आणली होती. ऐन थंडीत पाण्यातून काढलेला माणूस किती काकडतो, हे तिने वडिलांच्या वेळी पाहिले होते.

"थॉर्नवेलच्या बारा पंचांनी तुझं नाव दिलंय," मधले म्हातारे न्यायाधीश म्हणाले. जॉर्डन त्यांचे नाव. "तुझा शेजारी सिवर्ड कुंपणाखाली डोकं फुटून मेलेला सापडला. त्याच दिवशी बांधावरून तुमचं भांडण झालं होतं. संशय तुझ्यावर आहे. काय म्हणणं आहे तुझं?"

"मी मारलं नाही, महाराज. मला पाण्यात सोडा."

दालनात कुजबुज झाली. गुनिल्डला त्यात काही वावगे वाटले नाही. संशय आलेल्या माणसाने हेच म्हणायचे असते. मग पाद्री पाणी मंतरतो. माणसाचे हातपाय बांधतात, कमरेच्या दोराला त्याच्या केसांच्या लांबीवर गाठ मारतात आणि त्याला आत सोडतात. गाठीसकट बुडाला तर पाण्याने त्याला पोटात घेतले, तो निर्दोष. वरच तरंगत राहिला तर पाण्यालाही तो नको झाला, मग फास. एल्विन हाडकुळा होता, अंगावर चरबीचे नाव नाही. तो बुडेल हे सांगायला देवाचीसुद्धा गरज नाही, असे ती भावाला हसत हसत म्हणाली होती.

"पाणी बंद झालं," न्यायाधीश म्हणाले.

एल्विनला कळले नाही. दालनात कुणालाच कळले नाही.

"पाद्र्यांनी आता पाणी मंतरायचं नाही, तापलेलं लोखंड मंतरायचं नाही, असं पोपनं रोममध्ये ठरवलंय. आणि न मंतरलेल्या पाण्यात माणूस सोडणं म्हणजे नुसती अंघोळ." मागे कुणीतरी हसले. न्यायाधीश हसले नाहीत. "म्हणून विचारतो. तुझा निवाडा तू तुझ्या मुलखाच्या या पंचांवर सोपवतोस का? तू मारलंस की नाही, ते शपथेवर सांगतील."

एल्विनने वळून पंचांच्या बाकाकडे पाहिले. बारा ओळखीची तोंडे. त्यातले एक त्याच्या मेव्हण्याचे.

"यांच्यावर? यांनीच तर माझं नाव दिलंय! यांचा कौल मला नको, महाराज. मला देवाचा हवा."

"सोपवतोस की नाही?"

"नाही."

न्यायाधीशांनी बराच वेळ कपाळ चोळले. "उद्या सकाळी पुन्हा विचारीन. न्या याला."

मुलखात लढाया चालल्या होत्या म्हणून इतकी वर्षे राजाचे न्यायाधीश इकडे फिरकलेच नव्हते, आणि पोपचा हुकूम गावात कुणाला ठाऊक असायचे कारण नव्हते. गावच्या पाद्रीबाबांना तो ठाऊक होता. त्यांनी सांगितला नव्हता, कारण कुणी विचारला नव्हता.

थर्स्टन तिला तबेल्यामागे सापडला. तिचा हा धाकटा भाऊ एरवी मोठ्या तोंडाचा, पण आज भिंतीला टेकून टोपी चुरगळत उभा होता.

"ताई, माझ्याकडे असं बघू नकोस. तूच म्हणालीस, त्याचं नाव द्या म्हणून."

"पाण्यात घाला म्हणाले होते मी. फासावर द्या म्हणाले नव्हते!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

त्याचे खरे होते. सिवर्ड मेल्यापासून गाव एल्विनला टाळत होते. ताजी बिअर विकायला तयार झाली की गुनिल्ड खूण म्हणून दारावर हिरवी डहाळी लावायची. ती वाळून काळी व्हायची, तरी कुणी प्यायला येत नसे. नांगराला बैल जोडायला जोडीदार मिळेना. तोंडावर कुणी काही बोलत नव्हते, तेच जास्त जिव्हारी लागत होते. तिच्या वडिलांवर एकदा चोरीचा आळ आला होता. ते पाण्यात उतरले, बुडाले, वर काढले गेले, आणि त्याच संध्याकाळी गावाने त्यांना खांद्यावर बसवून घरी आणले. म्हणून तिनेच थर्स्टनच्या मागे लागून एल्विनचे नाव द्यायला लावले होते. एकदा पाण्यातून निघाला की सगळ्यांची तोंडे बंद.

"नावं देताना कुणी विचारसुद्धा केला नाही," थर्स्टन म्हणाला. "दर वेळी देतात तशी दिली. ज्याच्याबद्दल कुणी काही कुजबुजलं, त्याचं नाव. खरंखोटं पाणी बघून घेईल, आपल्या बापाचं काय जातंय! आता तो म्हातारा आम्हालाच विचारणार. शपथेवर. आमचा म्होरक्या वॉल्टर तेव्हापासून दोनदा ओकलाय."

"तू सांगशील ना? तो निर्दोष आहे म्हणून?"

थर्स्टन बुटाच्या टोकाने चिखल उकरत राहिला.

"बाराजणांचा मिळून एकच शब्द लागतो, ताई. आणि मला कुठं माहीत आहे? तू सांग की. घरात तू असतेस."

गुनिल्डने सदऱ्याची घडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हाताऱ्याला भेटते," एवढेच ती म्हणाली.

न्यायाधीशांचा मुक्काम मठात होता, आणि त्यांच्या लवाजम्याला बिअर पुरवायचे काम आसपासच्या गावांवर येऊन पडले होते. थॉर्नवेलचे पिंप गुनिल्डच्या हातचे होते, त्यामुळे मठाच्या मागच्या अंगणात तिला कुणी हटकले नाही. न्यायाधीश जॉर्डन तिथेच उन्हात बसले होते. झगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, सुजलेला पाय गरम पाण्याच्या घंगाळात. दरबारात रुबाबदार दिसलेला माणूस इथे कुणाच्याही आजोबांसारखा दिसत होता. गुनिल्ड जाऊन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली.

"महाराज, एकदाच पाणी द्या. मग पुन्हा कुणाला देऊ नका."

"कोण तू?"

"गुनिल्ड. थॉर्नवेलच्या एल्विनची बायको."

"हं. त्या ताठ मानेच्या." त्यांना तिची बोली सहज येत होती; ते याच मुलखातल्या एका खोगीर शिवणाऱ्याचे पोर होते म्हणे. "ही बिअर तुझी? चांगली आहे."

"गावात कुणी पीत नाही, महाराज."

"पाणी माझ्या हातात नाही, बाई. ते मंतरायला आता पाद्रीच मिळणार नाही."

"मग उद्याही तो पंचांना नाहीच म्हणाला तर?"

"खरं सांगू? मला माहीत नाही." त्यांनी पाण्यात पाय हलवला आणि कळ येऊन ओठ चावला. "पाण्याच्या जागी काय आणायचं, ते आम्ही राजाच्या मंत्र्यांना विचारलं होतं. उत्तर आलं, तुमच्या बुद्धीला पटेल तसं करा. त्यांचं बरं आहे. माझ्या जोडीच्या एका न्यायाधीशानं असल्या नाही म्हणणाऱ्या माणसाला कोठडीत ठेवलं, तो तिथंच सडून मेला. दुसऱ्यानं चोवीस सरदारांचा शब्द घेतला आणि लटकवून टाकलं. उद्या मी जे करीन ते पुढच्या जिल्ह्यात आणखी कुणीतरी करील, का, तर जॉर्डननं केलं म्हणून. आणि आपली नातवंडं म्हणतील, हे असंच चालत आलंय."

"म्हणजे देवाचं काम तुम्ही उचललंत."

"उचललं नाही गं. अंगावर पडलं."

"त्या बाराजणांना काय ठाऊक? ते काय कुंपणापाशी उभे होते?"

"नव्हते. पण शेजाऱ्यांना पुष्कळ ठाऊक असतं. आजवर त्यांनी नुसतं बोट दाखवायचं आणि घरी जाऊन जेवायचं, असं चालत होतं. उद्या जो बोट दाखवील, त्याला त्या बोटाचं ओझं घेऊन झोपावं लागेल. मला तरी यापेक्षा बरं काही सुचत नाही."

गुनिल्डला रडू आवरेना. "त्याचा जीव जाईल हो, महाराज. माझ्यामुळं जाईल."

तिच्यामुळे का, ते त्यांनी विचारले नाही. "त्याला हो म्हणायला लाव. हो म्हणाला तर निदान सुटायची वाट आहे. कोठडीला वाट नसते." मग जरा थांबून म्हणाले, "पण तू पाण्याच्या एवढी मागे का लागलीस? दोर ओढायला उशीर झाला आणि निर्दोष माणूस बुडून मेला, असंही मी पाहिलंय."

"पाणी खरं सांगतं, महाराज."

"आणि तू? तू काय सांगशील?"

"मी बायको. माझं कोण ऐकणार?"

"मी न्यायासनावर बसून विचारत नाही. पाय शेकताना विचारतोय."

गुनिल्डने मांडीवरचा सदरा उलगडला, झटकला आणि पुन्हा त्याची होती तशी घडी घातली. न्यायाधीश जॉर्डन तिच्या हातांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पाय बाहेर काढला आणि पुसायला कापड मागितले.

कोठडी खंदकाच्या बाजूला होती. जमिनीलगतच्या गजांशी गुनिल्ड जवळजवळ पालथी पडली तेव्हा कुठे एल्विनचा चेहरा दिसला. आतून कुजक्या पेंढ्याची आणि लघवीची वाफ येत होती. तिने पाव आत सरकवला. त्याने अर्धा मोडून मागे अंधारात खोकणाऱ्या कुणाला तरी दिला. तो भांडी सांधत गावोगाव फिरणारा एक कल्हईवाला होता. थॉर्नवेलच्या कुणाची तरी मेंढी नाहीशी झाली तेव्हा तो गावात होता, म्हणून त्याचेही नाव दिले गेले होते.

"हो म्हण, एल्विन. तुझ्या पाया पडते."

"कुणाच्या भरवशावर? तुझ्या भावाच्या? त्यानंच माझं नाव दिलं!"

गुनिल्डने गज धरले. हे आता सांगितले नाही तर कधीच सांगता येणार नव्हते. "मी सांगितलं होतं त्याला."

तो चावायचा थांबला.

"मला वाटलं, एकदा पाण्यात उतरशील, बाबांसारखा वर येशील, आणि सगळं धुऊन निघेल. मला काय माहीत पाणीच बंद होईल!"

"तू सांगितलंस."

"हो."

"तुला खात्री होती, मी बुडेन म्हणून?"

"होती."

हा शब्द तिच्या तोंडून लगेच निघाला नव्हता. मधे एक श्वास गेला होता, आणि तो दोघांनीही ऐकला. एल्विनने उरलेल्या पावाकडे पाहिले आणि तोही मागे देऊन टाकला.

"बरं," तो म्हणाला. "पंच तर पंच. जा तू आता, चिखलात किती वेळ पडून राहशील."

दुसऱ्या दिवशी एल्विनच्या आधी त्या कल्हईवाल्याला उभे केले. त्याने बिचाऱ्याने एका दमात हो म्हटले. पंचांवर सोपवतो, महाराज, देव तुमचं भलं करो. न्यायाधीशांनी पंचांना विचारले. वॉल्टरने मागे वळून एकदा सगळ्यांकडे पाहिले, आणि कल्हईवाला हातातली टोपी नीट धरतो न धरतो तोच वॉल्टर म्हणाला, "दोषी आहे, महाराज."

"सगळ्यांचा शब्द?"

"सगळ्यांचा."

कल्हईवाला शिपायांना विचारत होता, म्हणजे काय झालं, म्हणजे आता मी जाऊ का. त्याला बाजूच्या दाराने नेले. गुनिल्ड त्या दाराकडे बघत राहिली. इतके सोपे होते तर! हो म्हण, असे आपण एल्विनला सांगून बसलो. आपल्या जिभेला हाड नाही. ती गर्दीतून कोपरे मारत पुढे घुसली. थर्स्टनने तिला पाहिले आणि नजर जमिनीवर नेली.

एल्विनने हो म्हटले तेव्हा त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"बोला," न्यायाधीश पंचांना म्हणाले. "यानं सिवर्डला मारलं?"

वॉल्टरच्या कपाळावर घाम जमला होता. "महाराज, गावात सगळे म्हणतात की..."

"सगळे काय म्हणतात ते काल ऐकलं. तुम्ही काय म्हणता?"

"आमचा संशय आहे, महाराज."

"संशय पाण्यासाठी होता. मला हो किंवा नाही पाहिजे."

वॉल्टरने ओठांवरून जीभ फिरवली. कल्हईवाल्याला बायको नव्हती, शेत नव्हते, चर्चमध्ये बसायची जागा नव्हती. एल्विनची जागा वॉल्टरच्या पुढच्याच रांगेत होती. दर रविवारी त्याला त्या मानेकडे बघत प्रार्थना म्हणावी लागत होती.

"देवाला ठाऊक, महाराज," तो शेवटी काकुळतीने म्हणाला.

"देवाला आता विचारता येत नाही," न्यायाधीश म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. "आता तुम्हीच आहात."

बाराजण डोकी जुळवून उभे राहिले. गुनिल्डला त्यांच्या पाठीच दिसत होत्या. कुणीतरी जोरात मान हलवत होते. कुणीतरी छातीवर क्रूस काढला. थर्स्टन बोलतोय की नुसता उभा आहे, तिला कळेना. तिने सदऱ्याची कड दातांत धरली होती, हे तिला नंतर तोंडाला दोरे लागले तेव्हा समजले.

"नाही," वॉल्टर म्हणाला. "निर्दोष आहे."

"सगळ्यांचा शब्द?"

मधे थोडा वेळ गेला. "सगळ्यांचा."

न्यायाधीश जॉर्डन यांनी बाराजणांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिले. त्यांना जे दिसले ते त्यांना आवडले की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी हाताने साखळी काढायची खूण केली आणि पुढचे नाव पुकारायला सांगितले.

कुणी एल्विनला खांद्यावर घेतले नाही. अंगणात थॉर्नवेलची माणसे घोळक्याने उभी होती, ती त्याला वाट द्यायला जरा जास्तच मागे सरली. "मेव्हणा पंचांत असल्यावर काय हो," असे कुणीतरी मुद्दाम ऐकू येईल असे म्हणाले. थर्स्टन जवळ आला, गुनिल्डच्या दंडाला हात लावला आणि निघून गेला. वेशीबाहेरच्या टेकाडावर एक माणूस लोंबकळत होता. दोघांनीही तिकडे पाहिले नाही.

ती दोघे नदीकाठच्या वाटेने चालत निघाली. एल्विन पुढे, ती मागे. जिवंत नवरा पुढे चालतोय, त्याच्या टाचा दिसताहेत, एवढ्यावर आपण सुखी का होत नाही, असे ती स्वतःला विचारत होती. देवापुढे मेणबत्ती लावायचा नवस तिने केला होता, ती तरी आनंदाने लावता यायला हवी होती.

दुपारी सेव्हर्न नदीचे पाणी जिथे वळणावर साचून डोह झाला आहे तिथे तो थांबला. "अंगाला कोठडीचा वास येतोय. दोन मिनिटं धुऊन घेतो."

"गार असेल."

"असू दे."

त्याने कपडे काढून टाकले आणि आत शिरला. गुनिल्ड काठावर कोरडा सदरा घेऊन उभी राहिली. दोन दिवस ती जो उराशी धरून हिंडत होती तो आता खरेच लागणार होता. त्याची डावी बाही तिच्या बोटांखाली आली. सिवर्ड मेला त्या संध्याकाळी एल्विन उशिरा घरी आला होता, आणि अंगणातल्या बादलीत त्याने हाच सदरा स्वतःच्या हाताने धुतला होता. लग्नापासून त्याने कधी कापड धुतले नव्हते, त्यानंतरही नाही. चिखल लागला होता, तो म्हणाला होता. तिने विचारले नव्हते, तरी म्हणाला होता. हे तिने थर्स्टनला सांगितले नव्हते, न्यायाधीशांना सांगितले नव्हते, पाद्रीबाबांपुढे पापे सांगताना सांगितले नव्हते. एका पाण्यालाच ती हे विचारणार होती.

एल्विन कमरेपर्यंत गेला, मग छातीपर्यंत. पाणी संथ होते. पुढे तळ एकदम खोल होता, हे दोघांना ठाऊक होते. तो आता हातपाय सोडून देईल, आणि मग एक तर खाली जाईल किंवा जाणार नाही. बूट भिजले तेव्हा तिला कळले की आपण काठ सोडून पाण्यात आलो आहोत, पुढे वाकलो आहोत आणि त्याच्या डोक्यावरून नजर हलवत नाही आहोत.

त्याच वेळी तो वळला.

तिच्या भिजलेल्या बुटांकडे त्याने पाहिले, मग तिच्या तोंडाकडे पाहिले. तिला नजर काढून घ्यायला हवी होती. तिला ती काढता आली नाही.

एल्विन दोन पावले अलीकडे आला, जिथे पाय नीट टेकत होते तिथे. ओंजळी भरभरून त्याने काखा धुतल्या, मान धुतली, तोंड धुतले, घाई न करता, अगदी नीट. मग तो बाहेर आला आणि तिच्यासमोर कुडकुडत उभा राहिला.

त्याचे केस कोरडे होते. गुनिल्डने सदरा पुढे केला.